उंबराची माशी

मास्तर, तो गळ माझा होता. त्याचा काटा दाबायचा राहून गेला नव्हता. दाबायचा नाही असं मी ठरवलं होतं.

एवढं म्हणायला मला चार वर्षं लागली, आणि ज्यांनी ते ऐकायला हवं होतं ते तुम्ही तीन आठवड्यांपूर्वी निघून गेलात. आता क्लब तुमच्यावर पुस्तिका काढतोय. अध्यक्षांचा फोन आला होता. "ठोंबरे, तुम्ही त्यांना सर्वांत जवळचे. दोन पानं द्या. भावपूर्ण असू द्या. आणि हो, ते जुनं प्रकरण नको. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं."

तुमच्याबद्दल मी चांगलंच लिहिणार आहे. बाकीच्यांबद्दल तसं वचन मी दिलेलं नाही. त्या बाकीच्यांत सगळ्यात आधी मी आहे.

ज्यांना आपला नाद माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, तोवर तुम्ही चष्मा पुसा. आपला क्लब कणकेच्या गोळीने किंवा गांडुळाने मासे धरणाऱ्यांचा नाही. आपण गळावर पिसं, रेशीम, लोकर गुंडाळून खोटा किडा बनवतो. त्याला माशी म्हणतो, आणि बनवण्याला माशी बांधणं. लवचिक काठीने ती माशी दोरीच्या टोकावरून पाण्यावर अलगद उतरवायची. मासा फसला की त्याला काठाशी आणायचं, हात ओला करून गळ काढायचा आणि मासा सोडून द्यायचा. सोडायचा असतो म्हणूनच गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करायचा. काटा असला की गळ मांस फाडल्याशिवाय निघत नाही. काटा दाबलेला असला की दोरी जरा ढिली पडताच मासा गळ झटकून पळतो. पळाला तर पळाला. क्लबचे बाकीचे नियम आपण सोयीने वाकवायचो. हा एक कुणी वाकवत नसे.

तुम्ही तर रेशमाचा पहिला वेढा घालण्याआधी काटा दाबायचात. नंतर दाबला तर गळाला तडा जातो म्हणायचात. तुमच्या हातच्या माशीत उभा काटा असूच शकत नव्हता, आणि हे क्लबातल्या प्रत्येकाला माहीत होतं. हे पुन्हा लिहितो, कारण पुढे सगळे हे विसरणार आहेत. प्रत्येकाला माहीत होतं.

मी तुमच्या रविवार पेठेतल्या रफूच्या दुकानात पहिल्यांदा आलो तो पँट घेऊन. कारखान्यातल्या ड्रॉइंग खात्याच्या टेबलाचा खिळा लागून गुडघ्याजवळ फाटली होती. तुम्ही आतल्या दुमडीतून तिचाच धागा काढलात आणि तिलाच लावलात. मी उभा राहून बघत होतो. रिळांच्या काचपेटीत एका कोपऱ्यात पिसांचं काहीतरी बारीक चमकत होतं.

"हे काय?"

"माश्या."

"कशासाठी?"

"गिऱ्हाइकाला बसायला जागा नाही, म्हणून माश्या बसवल्यात."

त्यानंतर सोळा वर्षं माझा प्रत्येक रविवार सकाळचा तुमच्याकडे गेला. यवतमाळकडून आलेला माणूस मी, पुण्यात नोकरी होती, वारज्याला फ्लॅट होता, पण जायला घर असं एकही नव्हतं. तुमच्या दुकानातल्या त्या तीन पायांच्या स्टुलाला मी घर म्हणायला लागलो. तुम्ही मला गाठ शिकवलीत. रफूची गाठ, जी दिसत नाही. माझ्या माशीच्या डोक्याशी कायम एक गठुळा व्हायचा. "ठोंबरे, हिला गलगंड झालाय," म्हणायचात आणि ब्लेडने सोडवून परत माझ्या पुढ्यात ठेवायचात. गच्चीवर काठी फेकायला शिकवलंत. दोरी मागे पूर्ण उलगडायच्या आत मी पुढे झटका द्यायचो आणि सगळं माझ्याच कानाभोवती गुंडाळायचं. "मागचं पुरं होऊ द्या हो. घाई कशाची? मासा बँकेतून आलेला नाही, त्याला वेळ आहे."

आणि आपलं भांडण. ते अजून संपलेलं नाही, मास्तर, आणि त्यात मी अजूनही माझ्याच बाजूने आहे.

आपल्या नदीच्या काठाला ते उंबराचं झाड आहे, पाण्यावर अर्धं कलंडलेलं. उन्हाळ्यात पिकलेली उंबरं टप टप पाण्यात पडतात आणि महाशीर खालून येऊन गिळतात. तुम्ही हे पाहिलंत आणि ठरवलंत की किडा नको, उंबर बांधायचं. सत्काराच्या शाली लोक रफूला आणतात आणि न्यायला विसरतात. तसल्या एका मरून शालीचा धागा तुम्ही उसवलात, गळावर गच्च गुंडाळलात, कात्रीने गोल कापलात. हुबेहूब उंबर. मी म्हणालो, ही माशी नाही, हे फळ आहे. फळ बांधायचं तर मग कणकेच्या गोळीने काय घोडं मारलंय. तुम्ही म्हणालात, मासा आपली नियमावली वाचत नाही. क्लबात तर हसूच झालं. अध्यक्षांनी ते उंबर चिमटीत धरून सगळ्यांना दाखवलं. "मास्तर, हे पंक्चरचं ठिगळ आहे का?" कमिटी हसली. त्या कमिटीतल्या प्रत्येकाच्या जॅकेटला तुमच्या हातचं एक तरी रफू होतं. तुम्हाला मानद सभासद केलं होतं ते त्याचसाठी, हे तुम्हालाही माहीत होतं. तुम्ही ते उंबर परत घेतलंत आणि खिशात टाकलंत. आणि पुढच्या रविवारी मला आणखी दोन बांधून दाखवलीत.

मी कुठेतरी थांबून राग काढायला हवा, नाहीतर हे भावपूर्ण होईल.

त्या वर्षी एका खेपेला माझ्या काठीला मोठा महाशीर लागला. काठी अर्धी वाकली, रीळ ओरडत होतं. मग दोरी क्षणभर ढिली पडली आणि तो गेला. काठावर कमिटीतले तिघं थर्मासमधला चहा पीत उभे होते. "ठोंबरे, मासा होता की फांदी?" सगळे हसले. मीही हसलो. तुम्ही हसला नाहीत. "होता," म्हणालात. "मी शेपूट पाहिली." मला तेवढं पुरायला हवं होतं. पुरलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी घरी बसून सहा उंबरं बांधली. लोकर तुमच्या दुकानातली, त्याच शालीची. पाच गळांचे काटे दाबले. सहावा हातात घेतला, पकड उघडली आणि परत मिटली. मनात जे होतं ते शब्दांत लिहितो: हसणाऱ्यांना मासा दाखवायचाय. एवढंच होतं. एकावन्नाव्या वर्षी एका माणसाच्या डोक्यात एवढंच होतं.

मासा लागला. त्याच झाडाखाली, बहुधा तोच. या वेळी ढील पडूनही सुटला नाही, आणि त्याचा मला काय आनंद झाला, मास्तर. मग त्याने खडकाला वळसा घातला आणि दोरी तुटली. माझं उंबर घशात घेऊन तो प्रवाहाच्या वर गेला. तेव्हा तुम्ही खालच्या वळणावर होतात. "काय झालं?" म्हणून हाक मारलीत. "फांदी," मी ओरडून सांगितलं.

वर देवीचा डोह आहे. गावाने पिढ्यान्‌पिढ्या त्या डोहातला मासा मारलेला नाही. आपल्याला डोहाखालची नदी दिली होती ती मासा मरणार नाही या शब्दावर, कागद वगैरे काही नव्हता. पंधरा दिवसांनी डोहाच्या कडेला तो मासा मेलेला सापडला. तुटलेली दोरी मुळांत गुंतलेली आणि घशात काट्याचा गळ, त्यावर मरून लोकर.

गुरव आणि गावातले दोघं क्लबच्या खोलीवर आले. वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ती माशी त्यांनी टेबलावर ठेवली. गुरव आवाज न चढवता बोलले. "आमी तुमाला नदी दिली, डोह न्हाई दिला. ज्याची ही हाय त्यानं येऊन पान्यात उभं ऱ्हायचं आन देवीम्होरं बोलायचं. मग बाकीच्यांची नदी चालू ठेवू."

त्या गावची ती रीत. ज्याच्या हातून मासा मरेल त्याने गुडघाभर पाण्यात उभं राहून सगळ्यांसमोर स्वतःचं नाव, गाव आणि केलेलं सांगायचं. नंतर त्या माणसाने त्या नदीत पुन्हा कधी गळ टाकायचा नाही. दुसरी शिक्षा नाही.

अध्यक्षांनी माशीकडे पाहिलं आणि मग तुमच्याकडे. "पंक्चरचं काम कुणाचं ते सगळ्यांना ठाऊक आहे." खोलीत वीसेक माणसं होती. काटा मास्तरांचा असूच शकत नाही हे माहीत असलेली वीस माणसं. एकाने तोंड उघडलं नाही, कारण कुणीतरी पाण्यात उभं राहिलं की बाकीच्यांची नदी चालू राहणार होती. आणि रफूवाला उभा राहिला तर कुणाचंच काही जात नव्हतं.

तुम्ही ती माशी उचललीत. डोळ्याला भिंग लावलंत. उलटी केलीत, काटा पाहिलात, डोक्याशी असलेला गठुळा पाहिलात. माझा गलगंड. मग भिंग काढून माझ्याकडे पाहिलंत. फक्त एकदा, गिऱ्हाइकाने फाटकं कुठे आहे ते दाखवल्यावर पाहावं तसं. आणि म्हणालात, "लोकर माझ्या दुकानातली आहे. मी येतो पाण्यात."

मी सहचिटणीस होतो. वृत्तांत मी लिहीत होतो. मी लिहिलं: श्री. पेटकर यांनी जबाबदारी मान्य केली. अक्षर सुंदर आलं होतं. ड्रॉइंग खात्यात आयुष्य गेलंय.

मास्तर, तुम्ही का केलंत ते? मला हे तुम्हाला ओरडून विचारायचंय. मी मागितलं होतं का? तुम्हाला कोण व्हायचं होतं? मला वाचवलंत असं तुम्हाला वाटलं असेल तर ऐका, तुम्ही मला वाचवलं नाहीत. त्या दिवशी माझ्या नावाचं जे काय व्हायचं ते होऊन गेलं असतं. मी पाण्यात उभा राहिलो असतो, चार लोक हसले असते, क्लब सुटला असता. रविवारी मी तुमच्या स्टुलावर येऊन बसलो असतो आणि तुम्ही म्हणाला असतात, "काय ठोंबरे, गार होतं का पाणी?" संपलं असतं. तुम्ही ते संपू दिलं नाहीत.

गावाला मीच तुम्हाला घेऊन गेलो, माझ्या मोटारसायकलवर. अध्यक्षांच्या गाडीत जागा नव्हती. पौडला चहाला थांबलो. तुम्ही दोन वेळा चहा घेतलात आणि रस्ताभर शिलाईच्या दोऱ्याला हल्ली पीळ कसा राहिला नाही यावर बोललात. डोहावर गेल्यावर पँटच्या घड्या गुडघ्यापर्यंत केल्यात, मोजून, दोन्ही सारख्या. पाण्यात उतरलात. पासष्ट वर्षांचे होतात. मी वडाखाली उभा होतो, बूट घालून.

तुमचा आवाज आधीच बारीक. गुरव म्हणाले, "मोठ्यानं बोला. बायकांस्नी ऐकू ग्येलं पायजे." तुम्ही पुन्हा बोललात, मोठ्याने. "विष्णू गणपत पेटकर. रविवार पेठ, पुणे. माझ्या दुकानातल्या लोकरीनं हा मासा मेला." खोटं तुम्ही तिथेही बोलला नाहीत.

येताना पुलावर तुम्ही खांद्याला हात लावून गाडी थांबवायला सांगितलीत. उंबराच्या झाडाकडे बघत राहिलात. तुमच्यासाठी ती नदी त्या दिवशी बंद झाली. तुमची दुसरी नदी नव्हती. कमिटीतल्या लोकांना हिमाचल आहे, काश्मीर आहे. तुम्हाला महिन्यातले दोन शनिवार आणि हे एक झाड होतं.

एवढ्यावर भागलं नाही. कमिटीने तुमचं मानद सभासदत्वही काढून घेतलं, क्लबची प्रतिमा म्हणून. पत्र मी लिहिलं आणि मीच आणून दिलं. तुम्ही ते वाचलंत, चार घड्या घातल्यात आणि म्हणालात, "कागद चांगला आहे. जाड आहे." खोलीतल्या फळ्यावरच्या तुमच्या नावावर रंगाचा पट्टा ओढला गेला. तो मी ओढला नाही. मी शिडी धरली होती.

आणि पुढच्या रविवारी मी दुकानात आलो, तुम्ही स्टूल पुढे सरकवलंत.

चार वर्षं, मास्तर. मी त्या नदीवर जात राहिलो. तुमच्या बंद झालेल्या नदीवर, तुमच्या जागी, तुमच्या झाडाखाली. चिटणीस झालो. क्लबात माशी बांधायचे वर्ग घ्यायला लागलो, आणि तुमची ती न दिसणारी गाठ नव्या आयटीवाल्या सभासदांना माझी पद्धत म्हणून शिकवली. ते टाळ्या वाजवायचे. आणि रविवारी तुम्ही मला विचारायचात, "पाणी कसं होतं? उंबराला फळ धरलं का?" का विचारायचात? छळायचं होतं का? की खरंच फक्त तेवढंच जाणून घ्यायचं होतं? मी आजही सांगू शकत नाही, आणि माझा सगळ्यात मोठा राग त्याचा आहे. छळत असतात तर मला सोसलं असतं.

मी तीनदा सुरुवात केली. हे तुम्हालाही आठवत असेल. पहिल्यांदा म्हणालो, "मास्तर, ते उंबराचं..." तुम्ही हात वर केलात. "टाके मोजतोय." दुसऱ्यांदा म्हणालात, "मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही." रफूला मशीन लागत नाही, मास्तर. ते बाजूच्या दुकानातलं होतं, आणि बंद होतं. तिसऱ्यांदा मी दार लोटून घेतलं आणि स्टुलावर न बसता उभा राहिलो. तुम्ही सुई खाली ठेवलीत.

"ठोंबरे, मला माहीत आहे ते मला सांगून काय मिळणार? ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

मी म्हणालो, "म्हणजे काय, मास्तर?"

म्हणजे काय ते मला कळलं होतं. तुम्हाला माझं तोंड बघून कळलं की मला कळलंय. तुम्ही सुई उचललीत. "काही नाही. चहा सांगा."

म्हणजे मी आतापर्यंत वर जो राग काढलाय तो खोटा आहे, तुम्ही मला वाट दाखवली नाहीत असं म्हणण्यात अर्थ नाही. दाखवली होतीत. मी गेलो नाही. चिटणीसपद जाईल, वर्ग जाईल, नदी जाईल. या तीन गोष्टींसाठी मी तुमची एकच नदी घेऊन बसलो होतो. राग तरीही जात नाही. तो तुमच्यावर काढतो, कारण तुम्ही उलट बोलणार नाही. जिवंत असतानाही बोलला नाहीत.

शेवटचं भेटलो तेव्हा तुम्हाला दम लागत होता. बोलता बोलता थांबत होतात. "उंबर पडायला लागलं असेल," म्हणालात. "या शनिवारी बघून या. खालची फांदी पाण्याला टेकते का ते बघा." शनिवारी मी आळस केला. रविवारी तुम्ही हॉस्पिटलात होतात, नळ्यांमध्ये, आणि डोळ्यांनीच विचारलंत. मी म्हणालो, "टेकते." न बघता म्हणालो. तुम्हाला सांगितलेलं माझं शेवटचं वाक्य तेही खोटं निघालं.

क्लबने शोकसभा घेतली. त्याच खोलीत, त्याच फळ्याखाली. रंगाचा पट्टा अजून आहे, त्याच्यावर हार घातलेला तुमचा फोटो टेकवला होता, म्हणजे पट्टा झाकला जाईल. अध्यक्ष म्हणाले, मास्तर म्हणजे निष्ठा. अध्यक्ष म्हणाले, दरवर्षी उत्तम माशी बांधणाऱ्याला मास्तरांच्या नावाचा करंडक देऊ. मग माझं नाव पुकारलं. समोर पहिल्या खुर्चीवर पेटकर काकू बसल्या होत्या. मी उठलो. आता बोलायचं असं मी वारज्याहून ठरवून आलो होतो, मास्तर, आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. आणि मी म्हणालो, "मास्तरांच्या जाण्याने क्लबची हानी झाली आहे." आणखी पाच मिनिटं तसलंच बोललो. काकू चहा न घेता उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी तुमच्या घरी गेलो. काकूंनी पाणी दिलं, बसा म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानेच सांगून टाकलं. काटा, सहावा गळ, फांदी, वृत्तांत, शिडी. सगळं. शेवटी म्हणालो, "काकू, मला माफ करा."

"माझी कशाला मागताय? मी काय मासा आहे?"

त्या आत गेल्या आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. "हे तुमच्यासाठी ठेवलं होतं. द्या म्हणाले नव्हते. पण दुसरं कोण येणार न्यायला?"

डब्यात तुमच्या सुया होत्या, चार घड्यांच्या जाड कागदाला ओळीने टोचून ठेवलेल्या. कागद मी ओळखला. माझं अक्षर भोकांमधूनही सुंदर दिसत होतं. त्याखाली मरून उंबर होतं. तेच. गलगंडासकट. तुम्ही त्याची गाठ सोडवली नव्हती, लोकर नीट केली नव्हती. फक्त एक गोष्ट केली होती. त्याचा काटा दाबला होता. पकडीच्या दातांचे बारीक व्रण होते, आणि नंतर दाबल्याने गळाला तडा गेला होता, तुम्ही म्हणायचात तसाच.

"चार वर्षं बघत होते तुमची वाट," काकू म्हणाल्या. "मला म्हणायचे, येईल हो तो, हळू आहे. मी म्हणायचे, हळू नाही, भित्रा आहे. आमचं यावरून भांडण व्हायचं." मग दाराशी येऊन म्हणाल्या, "जिथं ते उभे राहिले तिथं जा. मी जिंकले म्हणून मला काही आनंद नाही."

काल गेलो. आधी झाडापाशी थांबलो. खालची फांदी पाण्याला टेकत नाही, मास्तर. वीतभर अंतर आहे. उंबरं पडत होती आणि खालून मासे येत होते. एकही हवेतल्या किड्याला उठला नाही. आपल्या भांडणात माझं म्हणणं तरीही तेच आहे, ही माशी नाही, फळ आहे. पण मासे तुमच्या बाजूने आहेत.

गुरव आता थकलेत. मी कशाला आलो ते सांगितलं तेव्हा त्यांनी डोळ्यांवर हात आडवा धरून माझं तोंड निरखलं.

"त्ये तुमच्या फटफटीवर आल्ते की वो."

"हो."

"आन तुमी वडाखाली हुता."

"हो."

"कुटं हायत त्ये आता?"

मी सांगितलं. त्यांनी टोपी काढली, परत घातली. मग पोराला हाक मारून गावातून माणसं बोलवायला पाठवलं. आठ-दहा जण आले, चार बायका आल्या. चिटणीसपदाचा आणि सभासदत्वाचा राजीनामा मी सकाळीच अध्यक्षांच्या घरी टाकला होता. पँटच्या घड्या करताना मला एवढंच कळत होतं की आता अडवायला काही उरलेलं नाही. घड्या सारख्या झाल्या नाहीत. पाण्यात उतरलो. गार होतं.

मी बोललो. माझं मलाच ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं," गुरव म्हणाले. "त्येंनी दोनदा बोललं हुतं."

मग मी पुन्हा बोललो, मोठ्याने, आणि तुम्हालाही ऐकू जावं म्हणून इथे तसंच लिहितो.

मी दिलीप नारायण ठोंबरे, राहणार वारजे, पुणे. चार वर्षांपूर्वी या डोहातला मासा माझ्या गळाने मेला. काटा मी जाणूनबुजून ठेवला होता. विष्णू गणपत पेटकर यांचा त्यात काही दोष नव्हता. ते इथे माझ्या जागी उभे राहिले आणि मी त्यांना राहू दिलं. या नदीत मी पुन्हा गळ टाकणार नाही. त्यांचं नाव मोकळं करा. मास्तर, माझं चुकलं. मला माफ करा.